मामांचा मॅग्नेट आणि गाडीचं ॲव्हरेज

"पीएचडी कशात करतेस?" असं कुणी विचारलं की मी "इंजिनातलं ज्वलन" असं सांगते. त्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग आमच्या गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवायचं तेवढं सांग की!" मी हवेचं प्रेशर, चेन, वेग असलं काहीतरी बोलू लागले की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला युक्ती हवी असते आणि मी देते ती कामांची यादी.

गेल्या दिवाळीत मात्र उलटं झालं. वाईला मामांकडे गेले होते, तेव्हा त्यांनीच मला युक्ती दाखवली. मामा मोटरसायकलवरून पाचगणी-महाबळेश्वरच्या दुकानांना खारी, बटर, टोस्ट पोचवतात. रोजची साधारण ६५ किलोमीटरची फेरी आणि मध्ये पसरणीचा घाट. त्यांच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळीवर दोन काळे ठोकळे क्लिप करून बसवले होते. "नऊशे रुपयांचा मॅग्नेट आहे. एक्केचाळीसवरून सत्तेचाळीसवर गेलीय गाडी. तुमच्या कॉलेजात शिकवतात का हे?"

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मामांना महिन्याला साडेतीन-चार हजारांचं पेट्रोल लागतं. त्यात खरंच दहा टक्के वाचले तर नऊशे रुपये तीन महिन्यांत वसूल होतात. त्यांचा हिशोब चोख होता. प्रश्न एवढाच होता की ते 'दहा टक्के' खरे आहेत का. आज त्याबद्दलच लिहितेय, कारण असाच मॅग्नेट, डबी किंवा बाटली तुमच्याही कुणीतरी घेतलेली असणार.

पेट्रोल जातं कुठे?

जवळजवळ प्रत्येक युक्तीच्या पाकिटावर एक वाक्य हमखास असतं: "इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, आमच्या यंत्राने ते पूर्ण जळतं." आपल्याला ते पटतं, कारण सायलेन्सरमधून धूर येतो, वास येतो. म्हणजे काहीतरी वाया जातंय, असं वाटतं.

वाया जातंय हे खरं आहे, पण न जळलेलं पेट्रोल नाही. व्यवस्थित चालणाऱ्या, गरम झालेल्या इंजिनात गेलेल्या पेट्रोलपैकी साधारण ९५ ते ९८ टक्के जळून जातं. म्हणजे 'पूर्ण ज्वलन' करून देणारं एखादं जादूचं यंत्र खरोखर सापडलं, तरी त्याला मिळवायला शिल्लक आहे ती दोन ते पाच टक्क्यांची फट. तीस टक्के बचत त्यातून येणार कुठून? रिकाम्या डब्यातून लाडू काढण्यासारखं आहे ते.

मग बाकीचं जातं कुठे? उष्णतेत. हिशोब विजेच्या युनिटमध्ये करू, म्हणजे घरच्या बिलाशी जुळेल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. त्यातली जवळपास एक तृतीयांश सायलेन्सरमधून गरम वायूंबरोबर बाहेर पडते. तेवढीच इंजिनाच्या भिंतींमधून, पंख्यांसारख्या त्या पात्यांतून किंवा रेडिएटरमधून हवेत जाते. काही आतल्या घर्षणात आणि हवा आत ओढण्यात संपते. चाकापर्यंत पोचतात ती फार तर दोन-सव्वादोन युनिट.

हे नुकसान कमी करता येतं, पण त्यासाठी इंजिनाची रचनाच बदलावी लागते: कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हची वेळ, घर्षण. कंपन्या त्यातल्या एकेका टक्क्यासाठी वर्षानुवर्षं घालवतात. नळीवर चिमटा लावून ते होत नाही.

आता एकेक युक्ती पाहू

*मॅग्नेट.* दावा असा की पेट्रोलचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि चुंबक त्यांना सुटं करतो, त्यामुळे ते नीट जळतात. प्रत्यक्षात पेट्रोलमधले हायड्रोकार्बन चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत. लोखंडासारखे ते ओढले जात नाहीत, उलट अगदी किंचित दूर ढकलले जातात. आणि समजा चुंबकाजवळ रेणू काही वेगळे उभे राहिले, तरी तिथून पुढे गेल्यावर ते एकमेकांवर सेकंदाला अब्जावधी वेळा आदळतात. कार्बोरेटरपर्यंत कसली 'शिस्त' टिकणार? पेट्रोल बारीक करायचं काम कार्बोरेटर किंवा इंजेक्टर करतच असतो, आणि उरलेली वाफ इंजिनाची उष्णता करते.

*पाण्यावर चालणारी किट.* ही कारसाठी विकतात. बॅटरीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढायचा आणि तो इंजिनात सोडायचा. हायड्रोजन जळतो हे खरंच आहे, म्हणून ही युक्ती सुशिक्षितांनाही फसवते. पण वीज येते कुठून? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर फिरवतं कोण? इंजिन. आता हिशोब करा. १४ व्होल्टवर १० अँपिअर घेणारी किट म्हणजे १४० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यासाठी इंजिनाला सुमारे २३० वॉट द्यावे लागतात. त्या १४० वॉटमधून चांगल्या किटला ८५-९० वॉटचा वायू मिळेल. तो इंजिनात जाळला की त्याचा चौथा भाग कामी येणार, म्हणजे वीस-बावीस वॉट. दोनशे तीस देऊन बावीस परत! असल्या भिशीत आपण पैसे घालू का?

पाण्यावर गाडी चालवण्याच्या दाव्यांचा इतिहासही असाच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या स्टॅन्ली मायरने आपली बग्गी पाण्यावर चालते असं सांगून गुंतवणूकदार जमवले होते. १९९६ साली तिथल्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि पैसे परत करायला लावले.

*चिप.* नव्या गाडीत स्टेअरिंगखाली तपासणीसाठी जे सॉकेट असतं, त्यात खोचायची ही डबी. "गाडीचा कॉम्प्युटर ॲव्हरेजसाठी नव्याने शिकवते" म्हणे. अशा स्वस्त डब्या ज्यांनी उघडून पाहिल्या, त्यांना आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे फारसं काही सापडलेलं नाही. निदान ही निरुपद्रवी तरी आहे. पुढच्या तशा नाहीत.

*टाकीत टाकायच्या गोष्टी.* डांबरगोळ्या, ॲसिटोन, रॉकेल. डांबरगोळी म्हणजे मुळात नॅफ्थलीन, पण बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये आता क्लोरीन असलेलं वेगळंच रसायन असतं. ते जळलं की आम्ल तयार होतं. ॲसिटोन नेलपॉलिश काढतं, तसंच रबरी सील आणि नळ्याही खराब करतं. रॉकेलची गोष्ट जरा वेगळी. ते पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळायचं म्हणून मिसळलं जायचं. त्याचा ऑक्टेन कमी असतो, म्हणून इंजिन टकटक करायला लागतं. हा आवाज म्हणजे मिश्रण चुकीच्या वेळी, स्फोटासारखं पेटतंय. पिस्टन रोज थोडा थोडा मार खात असतो.

*स्क्रू आवळणे.* जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांवरची ही सगळ्यात लोकप्रिय युक्ती, आणि तिच्यात थोडं तथ्य आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. मेकॅनिक स्क्रू फिरवून पेट्रोलचं प्रमाण कमी करतो. आधी ते गरजेपेक्षा जास्त असेल तर ॲव्हरेज खरंच सुधारतं. पण त्याच्या पुढे गेलात की मिश्रण अडखळत पेटतं, पिकअप जातो, तुम्ही नकळत ॲक्सिलरेटर जास्त पिळता आणि वाचवलेलं परत घालवता. शिवाय हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला आतून गार ठेवायलाही थोडं जादा पेट्रोल मदत करत असतं. ते काढून घेतलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात.

इथे सध्या एक नवी अडचण आहे. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. प्रत्यक्ष ॲव्हरेज किती घटेल हे गाडीप्रमाणे बदलतं, पण "पूर्वी पन्नास द्यायची" या मामांच्या तक्रारीत दम आहे. मात्र इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तिथे मिश्रण आपोआपच कमी पेट्रोलचं होतं. त्यात तुम्ही वरून स्क्रू आवळलात तर इंजिनावर दुहेरी मार बसतो. ॲव्हरेज घटलं म्हणून केलेला उपाय नेमका चुकीच्या दिशेला जातो.

मग मामांना फरक दिसला कसा?

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांना सहा किलोमीटरचा फरक खरंच दिसला होता. "तुम्हाला भास झालाय" म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं आणि चुकीचंही. म्हणून मी विचारलं, "मामा, मॅग्नेट बसवला त्या दिवशी गॅरेजवाल्याने आणखी काय काय केलं?"

मामांनी आठवून सांगितलं. चेन सैल झाली होती ती ताणली, तेल घातलं. एअर फिल्टर झटकला. मागच्या टायरमध्ये हवा फारच कमी होती, ती भरली. मागचा ब्रेक चाकाला घासत होता, तो सैल केला. आणि मग मॅग्नेट लावला.

काम केलं तेलाने आणि हवेने, नाव झालं मॅग्नेटचं!

संशोधनात आम्ही याला कितीही जड नाव दिलं तरी गोष्ट साधी आहे: एका वेळी चार गोष्टी बदलल्या, तर श्रेय पाचवीला देता येत नाही. आणखी तीन गोष्टी इथे गुपचूप काम करत असतात.

एक, मोजण्याची पद्धत. मामा पाचशेचं पेट्रोल टाकून गाडी रिझर्व्हला लागेपर्यंत किलोमीटर मोजायचे. गाडी उतारावर आहे की चढावर, यावरही रिझर्व्ह कधी लागेल ते बदलतं. टाकी फुल करून मोजलं तरी चूक राहते. नऊ लिटरच्या भरण्यात पाव लिटर इकडेतिकडे झालं, तर ४६ ची गाडी कधी ४५ तर कधी ४७ दाखवते. गाडी तीच, रस्ता तोच.

दोन, आपण उपाय कधी शोधतो? ॲव्हरेज सगळ्यात वाईट असतं तेव्हा. एखादा महिना पाऊस, ट्रॅफिक, जादा ओझं यांनी वाईट गेला, तर पुढचा महिना बहुतेक थोडा बरा जातोच. मधे जे केलं असेल, अंगारा असो की मॅग्नेट, त्याला यश मिळतं.

तीन, चालवणारा बदलतो. नऊशे रुपये घातले की माणूस लक्ष ठेवतो. उगाच रेस करत नाही, गिअर वेळेवर टाकतो. त्यातून मिळणारी बचत खरी असते, पण ती हाताची असते, चुंबकाची नसते.

दीड महिन्याचा प्रयोग

मामा म्हणाले, "हे सगळं बोलणं झालं. करून दाखव." म्हणून आम्ही ठरवलं. मॅग्नेटच्या आकाराचे दोन लोखंडी तुकडे घेतले. दोन्ही जोड्या जाड कापडात सारख्या गुंडाळल्या. दर वेळी टाकी फुल करायच्या आदल्या रात्री मामीने त्यातली कोणतीही एक जोडी नळीवर बांधायची आणि कोणती ते फक्त तिच्या डायरीत लिहायचं. मामांना सांगायचं नाही, मलाही नाही. पंप तोच, गाडी डबल स्टँडवर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचं. सहा टाक्या, तोच रस्ता. मामी म्हणाली, "एवढी वर्षं यांच्यापासून काही लपवलं नाही, आता मॅग्नेट लपवायचा!" पण तिने काम चोख केलं.

डायरी उघडली तेव्हा मॅग्नेट असतानाचे आकडे होते ४४.१, ४८.३ आणि ४५.६. लोखंड असतानाचे ४७.२, ४४.८ आणि ४६.९. सरासरी अनुक्रमे ४६.० आणि ४६.३. नीट पाहा, नुसत्या मॅग्नेटच्या तीन आकड्यांमध्येच चारचा फरक आहे. मामांनी फक्त पहिल्या दोन टाक्या मोजल्या असत्या, तर "चव्वेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेली!" असं त्यांनी गावभर सांगितलं असतं.

सहा टाक्यांवरून मी कुठला सिद्धांत मांडत नाहीये. एखाद-दोन टक्क्यांचा फरक असता तर तो या प्रयोगात दिसलाच नसता. पण सत्तेचाळीसच्या आसपास गाडी मॅग्नेटशिवायही चालते, एवढं मामांच्या डोळ्यांसमोर आलं.

याच कामाची नेटकी आवृत्ती प्रयोगशाळेत होते. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. जाहिरातीत छापतात ते ॲव्हरेजचे आकडे अशा चाचण्यांतून येतात. गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चालवतात, खोलीचं तापमान ठरलेलं, वेग कधी किती ठेवायचा तेही सेकंदासेकंदाला ठरलेलं. आणि गंमत म्हणजे पेट्रोल टाकीत मोजण्याऐवजी धुरातला कार्बन मोजूनही हिशोब काढता येतो, कारण जितका कार्बन बाहेर पडला तितकं पेट्रोल आत गेलं असणार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून पेट्रोल वाचवणारी म्हणवणारी शंभराहून जास्त यंत्रं अशी तपासली आहेत. लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही.

मला खरी भीती वाटली ती वेगळीच

प्रयोगाच्या गप्पांत मामा सहज बोलून गेले, "तसं घाट उतरताना मी गाडी बंदच करतो, तेवढंच वाचतं." मॅग्नेटपेक्षा मला हे ऐकून धस्स झालं.

पसरणी घाट उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ इंजिन नुसतं चालू राहिलं तर माझ्या अंदाजाने पाचेक रुपयांचं पेट्रोल जातं. त्या पाच रुपयांसाठी तुम्ही काय देता? न्यूट्रलमध्ये गाडीला इंजिनाचा अडसर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते, आणि हे नेमकं खालच्या वळणांवर होतं. जुन्या गाडीत हेडलाइट थेट इंजिनावर चालतो, म्हणजे धुक्यात आणि अंधारात दिवाही गेला. कारमध्ये तर ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदतही इंजिनाबरोबर बंद होते.

आणि नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत वाचवायला काही उरतच नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. उलट न्यूट्रल टाकलंत तर इंजिन चालू ठेवायला त्याला थोडं पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे तिथे न्यूट्रलमध्ये धोका तर आहेच, वर पेट्रोलही जास्त जातं.

मग करायचं काय?

कंटाळवाणी यादी द्यावीच लागणार! पण आता प्रत्येकामागचं कारण तुम्हाला माहीत आहे. चाकापर्यंत पोचणारी ती सव्वादोन युनिट तरी वाया घालवायची नाहीत, एवढंच.

टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढी हवा ठेवा, दर पंधरा दिवसांनी पाहा. जास्त भरू नका, पकड जाते. गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. ते घासत थांबत असेल तर ब्रेक किंवा चेन पाहा. एअर फिल्टर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ॲव्हरेजवर परिणाम करतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या कार तपासल्या, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसं बदललं नाही, पिकअप मात्र घटला.

आणि वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठऐवजी ऐंशीने गेलात तर हवा पावणेदोन पटीहून जास्त जोराने मागे ढकलते. मोटरसायकलवर आपण छाती पुढे करून बसलेलो असतो, त्यामुळे तिथे हे फार जाणवतं. यासाठी लागणारी किंमत शून्य रुपये.

पुढच्या वेळी कुणी नवी युक्ती सांगितली तर तीन प्रश्न विचारा. ही ऊर्जा कुठून वाचवते? त्याच दिवशी गाडीत आणखी काय बदललं? आणि लावणाऱ्याला माहीत नसताना मोजलंय का? तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर मला जरूर कळवा, मी आनंदाने मोजायला येईन.

मामा आता घाट गिअरमध्ये उतरतात. दर रविवारी हवा भरतात, चेनला तेल घालतात. मॅग्नेट मामीने फ्रिजला लावलाय. पेट्रोलचा हिशोब ज्या कागदावर लिहितात, तो तिथे घट्ट धरून ठेवतो. त्या कामासाठी तो चांगला आहे.